दम धरलेले तीन उन्हाळे

वैशाख लागला की आमच्या मेहकरच्या गल्लीतली झोप उडते. समोरच मंगल कार्यालय आहे. वरात निघाली की त्या डीजेच्या गाडीनं आमच्या खिडकीच्या काचा, मांडणीवरच्या वाट्या आणि माझ्या छातीची हाडं एकाच ठेक्यात हलायला लागतात. सून म्हणते, "आबा, मांगच्या खोलीत बसा." मागच्या खोलीत गेलं तरी तेच, फक्त वाट्यांच्या जागी बादल्या. कोणाला बोलायला जावं तर म्हणतात, सराई आहे ना. आहे बाबा, सराई आहे. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला आवाज सोसत नाही. खरं म्हणजे मला लग्नसराईच सोसत नाही, पण ते कोणाला सांगत बसायचं? कानात कापूस घालतो आणि पेपर उघडून बसतो.

यंदा त्यात नातीची भर पडली. अश्विनी रुखवताच्या वस्तू करते. कापडाच्या बाहुल्यांची वरात, खोबऱ्याच्या वाट्यांचे कलश, काड्यांची बैलगाडी. हात चांगला आहे तिचा. दोन वर्षं झाली, मोबाइलवर फोटो टाकते आणि वाट पाहते. कधी एखादी ऑर्डर येते, कधी दोन-दोन महिने काही नाही. घरातले सगळे तिला एकच सांगतात, धीर धर. तिच्या मोबाइलमधला कोट घातलेला एक माणूसही रोज तेच सांगतो, हात हलवून हलवून. परवा माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, तुम्ही सांगा. धीर धरला का होते ना सगळं?"

मी एकदम खेकसलो तिच्यावर. "मले नको विचारू!" पोरगी गोरीमोरी झाली आणि उठून गेली. तिची काही चूक नव्हती. तिला जे तोंडानं सांगता आलं नाही ते इथं लिहितो आहे, पण तिच्या काही कामाचं निघेल असं मला वाटत नाही.

धीर हा शब्द आमच्या लहानपणी शाळेच्या पुस्तकात असायचा. बोलण्यात दम. घाई करणाऱ्याला म्हणायचं, दम धर. चढण चढून आलेल्याला म्हणायचं, दम खा जरासा. पोलीस दम देतो, म्हातारा माणूस उंबऱ्यावर बसून दम टाकतो. आमच्या कामात त्याला आणखी एक अर्थ होता, कारण आमचं काम फुंकायचं. पितळेच्या वाद्यात जी हवा घालायची तिला आमचे उस्ताद दमच म्हणायचे. त्यामुळे 'दम धर' असं मी माझ्या दोस्ताला, किसनला, म्हटलं की त्याला दोन्ही ऐकू यायचं, श्वास आवर आणि थांब. तीन उन्हाळे मी त्याला हेच म्हणत होतो.

बँड काढला होता आम्ही. डोणगावात. महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी तिशीला टेकलेला, किसन माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि आमच्याच वस्तीतले आणखी पाच जण. सगळे मजुरी करणारे, कोणी शेतात, कोणी गवंड्याच्या हाताखाली. आज हे सांगितलं तर लोक हसतात. माझ्या मुलालासुद्धा पुरतं माहीत नाही. मी त्याला सांगितलंच नाही.

माझा बा गावचा वाजंत्री होता. डफडं वाजवायचा. लग्न असो, मयत असो, पोळा असो, बोलावणं आलं की जायचं, उन्हात उभं राहायचं, सगळ्यांच्या पंगती उठल्यावर उरलंसुरलं पदरात घेऊन यायचं. आम्ही दीक्षा घेतली त्या वर्षी बानं खुंटीवरचं डफडं काढलं, त्याचं चामडं विळ्यानं फाडलं आणि लाकडाचं कडं चुलीत घातलं. म्हणाला, "आजपासून ह्या घरातून कोनाच्या दारात वाजवाले कोनी जानार नाही." मला तेव्हा मिसरूड फुटत होतं. बाचा एवढा अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता आणि नंतरही नाही.

पण कान काही चुलीत घालता येत नाहीत. पुढं कधीतरी सरकीची पोती उतरवायला मी खामगावला गेलो होतो. तिथं एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न होतं. बँड बघितला. निळे कोट, सोनेरी दोऱ्या, ओळीत उभे राहिलेले वीस-पंचवीस लोक, समोर कागद लावलेले. मी पोतं पाठीवर घेऊन तसाच उभा. वाजवणं तर होतंच, पण माझ्या डोक्यात बसलं ते दुसरंच. त्यांच्या पुढच्या माणसाला कोणी 'ए' म्हणत नव्हतं. व्यापारी स्वतः त्याला 'मास्तर' म्हणाला, खुर्ची दिली, सरबत दिलं. वाजवणाऱ्या माणसाला खुर्ची! घरी येईपर्यंत मी त्या खुर्चीचाच विचार करत होतो.

बाला सांगायला मला वर्ष लागलं. सांगितलं तेव्हा चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी जेवता जेवता म्हणाला, "वाजवाचंच असंन तं असं वाजवा, का कोनाले बोट ठेवाले जागा नाही राह्यली पायजे. खोट निंघाली तं लोकं म्हनतीन, आले शेवटी डफड्यावरच." एवढं बोलून हात धुतला आणि बाहेर जाऊन बसला. मी ते वाक्य उराशी धरलं. तिथंच सगळं फसलं. पण त्या वेळी मला त्या वाक्यानं केवढी हिंमत आली होती, काय सांगू.

वाद्यं आम्ही जुनी घेतली, मोडलेल्या एका बँडची. त्यासाठी घरातलं काय काय विकलं ते सांगत नाही. बायकोनं मला ते मरेपर्यंत ऐकवलं, तेवढं पुरे. शिकवायला मिळाले चाचा. मेहकरला त्यांचं घर होतं आणि सर्कशीच्या बँडमध्ये त्यांची सारी उमर गेलेली. झुल्यावरचा माणूस पडला तरी बँड थांबला नाही पाहिजे, ही त्यांची शिस्त. दर रविवारी एसटीनं यायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि पहिलं वाक्य म्हणायचे, "फुंको मत. दम पकाओ." हवा नुसती सोडू नका, आत पिकू द्या.

चार महिने त्यांनी आम्हाला वाद्याला हात लावू दिला नाही. बिडीच्या कट्ट्याचा पातळ कागद भिंतीला टेकवायचा, हात काढून घ्यायचा आणि फुंकरीच्या जोरावर तो तिथंच धरून ठेवायचा. कागद घसरला की पुन्हा पहिल्यापासून. गावाबाहेर नाल्याच्या अंगाला एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग होतं. त्याच्या टिनाच्या शेडमध्ये, कामावर जाण्याआधी, सकाळी सकाळी आम्ही सात बाप्ये भिंतीला तोंड लावून उभे. एकदा बायको भाकर द्यायला आली आणि दारातच थबकली. म्हणाली, "भितीले काय सांगून राह्यले हो तुम्ही सारे?" किसनला असं हसू फुटलं की त्याचा कागद तर उडालाच, शेजारच्याचाही उडाला. चाचांनी दोघांनाही पहिल्यापासून करायला लावलं.

किसन म्हणजे काडी. मोठे कान, लांब मान, आणि तोंड एक मिनिट बंद नाही. गवंड्याच्या हाताखाली विटा द्यायचा. विटा देता देता बोलायचा, जेवता जेवता बोलायचा. कॉर्नेट, म्हणजे तीन बटणांचं पितळी बिगूल, ओठाला लागलं की मात्र गप्प व्हायचा आणि मग जे काही निघायचं, ते त्याच्या त्या काडीसारख्या अंगात कुठं राहत होतं, मला कधी कळलं नाही. मीही कॉर्नेटच वाजवायचो. मी बरा वाजवायचो. त्याचं ऐकलं की मला मत्सर वाटायचा आणि त्याच क्षणी डोळेही भरून यायचे. हे त्याला मी कधी बोलून दाखवलं नाही. आपल्याकडं दोस्ताला असं कोण सांगतं?

शेडच्या खिडक्यांना मी पोती लावून घेतली होती. कच्चं वाजवलेलं कोणाच्या कानी पडू नये म्हणून. किसन म्हणायचा, "चोर आहोत काय बे आपुन?" मी म्हणायचो, दम धर, एकदाच बाहेर पडू आणि असं पडू की लोक बघत राहतील.

पहिला उन्हाळा तर शिकण्यातच गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात आम्हाला पाच चाली येत होत्या. आणि त्या वैशाखात धाड गावाहून एक माणूस आला. आमच्याच समाजातला, शाळामास्तर. स्वतःचं लग्न होतं. कोणाकडून तरी कानावर गेलं असणार. शेडबाहेर दगडावर बसला, पानावर सुपारी ठेवून ती माझ्यापुढं केली. आताच्या पोरांना सुपारी म्हटलं की खून आठवतो. आमच्या वेळी लग्न ठरवायला आलेल्या माणसानं बँडवाल्याच्या हातावर सुपारी ठेवायची, ती घेतली की शब्द दिला, असं होतं. मास्तर म्हणाला, "आपल्या लोकाइचा बँड हाये म्हनून आलो. सन्मानानं बोलावतो. माह्याच पंगतीत बसून जेवा."

आणखी काय पाहिजे होतं मला? खामगावची खुर्ची धाडहून चालत माझ्या दारात आली होती. आणि मी काय केलं? हात जोडले. म्हणालो, "मास्तर, पुढच्या साली. अजून पिकलं नाही." त्यानं दोनदा विचारलं. मग सुपारी पानासकट खिशात घातली आणि एसटी गाठायला निघून गेला.

किसननं रिकामा डबा अशी लाथ मारून उडवला की तो पत्र्यावर जाऊन आदळला. "काऊन नाही म्हनलं बे? काऊन?"

"क्लॅरनेट वर गेलं का घसरते. तिसऱ्या चालीत ढोल घाई करते. तुले आयकू येत नाही?"

"धाडचे लोकं काय सूर मोजाले बसले हायेत? त्याइले नाचाचं हाये, सुदाम्या! मास्तरचं लगन हाये, परीक्षा नाही आपली!"

"परीक्षाच हाये. एक खोट निंघाली तं..."

"निंघू दे ना! मले एक डाव वाजवू दे. एक डाव लोकाइच्या समोर. मंग तू म्हनशीन तवा थांबतो."

"दम धर," मी म्हणालो.

तीन दिवस तो आला नाही. चौथ्या दिवशी आला, कॉर्नेट पुसून उभा राहिला. मला नंतर कळलं की त्याच तीन दिवसांत चिखलीच्या एका बँडवाल्यानं त्याला बोलावलं होतं. तयार गणवेश, तयार सुपाऱ्या. हा गेला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "सोबत निंघालो तं सोबतच वाजवू." मला इतका आनंद झाला! आज त्याच वाक्यानं माझा जीव खाली-वर होतो. जायला पाहिजे होतं रे त्यानं. मी त्याला ढकलून पाठवायला पाहिजे होतं.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, एका रविवारी, आम्ही नवरीच्या पाठवणीची चाल धरली होती. ती किसननं वाजवली. मी वाजवायचा थांबलो. मग क्लॅरनेटवाला थांबला, ढोल थांबला. तो एकटाच वाजवत होता, डोळे मिटून, आणि आम्ही थांबल्याचं त्याला कळलंही नाही. टिनाच्या भोकांतून ऊन खाली आलं होतं, त्यात कापसाची जुनी धूळ तरंगत होती. शेवटचा सूर त्यानं असा लांबवला की मला वाटलं हा आता पडतो. चाचांनी तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. मग टोपी घालत म्हणाले, "बस. अब निकलो."

उस्ताद म्हणाले निघा. मी म्हणालो, सराई संपत आली, आता चार-दोन लग्नं राहिलीत. पावसाळ्यात गणवेश शिवू, ढोलावर नाव रंगवू, आणि पुढच्या सराईला थाटात निघू. नावावरून आमचं अजून एकमत व्हायचं होतं. चाचांनी माझ्याकडं बघितलं आणि ते एसटी गाठायला निघाले. किसन म्हणाला, "ठीक हाये. इतलं थांबलो तं चार महिने अखीन." त्याच्या तोंडावर अजून घाम होता आणि तो हसत होता.

त्या वर्षी पाऊस आला नाही. पुढच्या वर्षीही आला नाही.

त्या दुष्काळाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, मी काही सांगत नाही. लग्नं तेव्हाही व्हायची, पण सकाळी सकाळी चार माणसांत हार घातले की संपलं. वाजवायला बोलावण्याची कोणाला लाज वाटायची. आम्ही सातही जण लोणारच्या बाजूला रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. गावचे सगळेच तिथं होते. ज्यांच्या दारात बा वाजवायला उभा राहायचा त्यांची पोरंही शेजारी बसून खडी फोडत होती. किसन तिथंही गप्प नव्हता. दगड फोडता फोडता ओठ दाबून फर्र फर्र करायचा. बायका हसायच्या. "पागल झाला काय रे?" हा म्हणायचा, "ओठ मऊ पडले नाही पायजे मावशी. पाऊस आला का आमची सराई हाये."

एक दिवस तो पहारीनं मोठा धोंडा उलटवत होता. पहार निसटली आणि तिचं वरचं टोक त्याच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला आणि वरचे समोरचे दोन दात मुळापासून गेले. रक्त पुष्कळ गेलं. आम्ही खांद्यावर घालून त्याला सावलीत नेलं. तोंडाला फडकं दाबून तो हातानं मला काहीतरी दाखवत होता. मला वाटलं पाणी मागतो आहे. तो कॉर्नेटची तीन बटणं दाबल्यासारखी बोटं हलवत होता. मी त्याचा हात धरून खाली ठेवला आणि म्हणालो, होईल, सगळं बरं होईल. मला माहीत नव्हतं काय होईल ते. त्याला माहीत होतं.

जखम भरल्यावर चाचा आले. किसननं कॉर्नेट ओठाला लावलं. दम तोच होता, छाती फुगली ती मी बघितली. पण हवा दातांच्या खिंडारातून फुस्स करून निघून गेली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. चाचांनी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं, बघितलं आणि सांगितलं, ओठांना मागून दातांचा टेका लागतो, तो गेला. त्यांनी ते वाद्य स्वतःच्या हातानं फडक्यात गुंडाळलं. किसनला म्हणाले, ढोल शीक. किसन म्हणाला, "नाही चाचा." एवढंच. बोलताना त्याच्या शब्दांतूनही हवा जात होती.

पाऊस आला. सराई आली. सुपारी घेऊन दोन माणसं आली, पण तोवर आमच्यातले दोघं सुरतेला निघून गेले होते, एकाचा हात आखडला होता आणि किसन माझ्या घराकडं फिरकत नव्हता. मी वाद्यं विकली. घेणारा तोच चिखलीचा बँडवाला. पुढं मला नोकरी लागली, आधी शिपाई, मग कारकून. लोक म्हणायचे नशीब काढलं. मी हो म्हणायचो.

त्या चिखलीच्या बँडबद्दल मला सांगितलंच पाहिजे. आमची वाद्यं नेली त्या पहिल्या साली त्यांचं ऐकवत नव्हतं. कॉर्नेटवाला तर असा वाजवायचा की म्हशी बिथराव्यात. लोक नाचत होते तरी. दुसऱ्या साली थोडं बरं. पाचव्या साली मी बसस्टँडवर उभा होतो, समोरून वरात चालली होती, आणि मी त्या कॉर्नेटवाल्याचं ऐकत उभा राहिलो आणि माझी एसटी गेली. तो लोकांच्या समोर शिकला होता. चुकत चुकत, धूळ खात, वरातीतल्या पोरांच्या शिव्या खात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, की असंही शिकता येतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, एवढा शहाणा होतो मी.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी डोणगावातच एका लग्नात तो बँड आला होता. किसन पाहुण्यांत उभा होता, पांढरा सदरा घालून. कॉर्नेट आमचंच होतं, मी ओळखलं. किसनचा उजवा हात मांडीवर होता आणि त्याची तीन बोटं चालत होती. पंगत उठल्यावर आम्ही सोबत निघालो. रस्त्यात तो एकदम थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यानंच मला जास्त भीती वाटली.

"सुदाम्या, मले वाटे तू बँडसाठी थांबला. चांगलं व्हावं म्हनून. आज उमजलं बे. तू बाच्या भेवानं थांबला होता."

खरंच बोलत होता तो. चाचांनी शिकवला तो दम वेगळा होता. त्या बिडीच्या कागदाशिवाय किसनला तो सूर सापडलाच नसता. पण शेडला पोती लावून बसणं हा दम नव्हता, ते भेव होतं, आणि मी दोन्हीला एकच नाव ठेवलं होतं. वाईट हे, की करताना दोन्ही अगदी सारखंच वाटतं. तेवढीच मेहनत, तेवढंच मन मारणं, तेवढाच अभिमान. अश्विनी तासन् तास बाहुल्यांना शालू नेसवत बसते, ते यातलं कोणतं आहे, मला कसं कळणार? माझं मलाच कळलं नाही.

त्याच आठवड्यात मी बाजवळ जाऊन बसलो. तो थकला होता, डोळ्यांनी कमी दिसत होतं. मी विचारलं, "बा, तुम्ही म्हनलं होतं, कोनाले बोट ठेवाले जागा नाही राह्यली पायजे. आठवते?"

बानं कपाळाला आठ्या घातल्या. "म्या म्हनलं होतं? कवा?"

"बँड काढाचा होता तवा."

"रागाच्या भरात काई म्हनलं असंन बे," तो म्हणाला. "मंग वाजवलं काऊन नाही तुम्ही? म्या तं वाट पाहून राह्यलो होतो."

मी उठून नाल्याकडं गेलो आणि मोठ्यानं रडलो. तेवढा मी नंतर बा गेला तेव्हाही रडलो नाही.

आता बा नाही, चाचा नाहीत. सुरतेला गेलेले तिकडंच वारले, बाकीचेही एकेक करून गेले. यंदाच्या माघात किसन गेला. निरोप आला तसा मी एसटीनं डोणगावला पोचलो. सगळं आटोपलं होतं. ओट्यावर माणसं बसली होती, मी भिंतीला टेकून बसलो. किसनची थोरली मुलगी चहा घेऊन आली. पन्नाशीची असेल, बापासारखेच मोठे कान. मला ओळखून जवळ बसली. म्हणाली, "काका, एक विचारू? बाबा म्हनत, मी लय भारी बाजा वाजवत होतो. लेकराइले रोज सांगत. घरात कोनाले खरं वाटत नाही. खरं हाये का?"

"खरं हाये," मी म्हणालो. "त्याच्यासारखं वाजवनारा म्या अजून पाहिला नाही."

तिचं तोंड एकदम उजळलं. सरसावून बसली. "कोनाच्या लगनात वाजवलं होतं?"

खोटं बोलायला पाहिजे होतं. दहा गावांची नावं माझ्या तोंडात आली. पण शेजारी गावातलीच म्हातारी माणसं बसली होती, ती माझ्याकडं बघत होती, आणि त्या सगळ्यांना माहीत होतं.

"कोनाच्याच नाही," मी म्हणालो. "तो तयार होता पोरी. म्या वाजवू देल्लं नाही. आमी तालीम करत होतो, तिथीच वाजवलं."

"मंग आयकलं कोनं?"

"आमी आयकलं. उस्तादानं आयकलं. म्या आयकलं."

तिनं माझ्या हातातला कप घेतला. तिला वाईट वाटलं होतं, पण ती चांगली पोर आहे, तिनं ते दाखवलं नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाली, "जाऊ द्या काका. तुमी तं त्यायचे दोस्तच आहा, चांगलंच सांगनार."